पैसे कमावणारी वेबसाइट काढायचीये? मग आधी हे प्रश्न वाचून घ्या

मी भांडुपला राहतो, नोकरी करतो, आणि बाजूला मुंबईहून लोकलने जाऊन एका दिवसात परत येता येतील अशा ट्रेकची एक छोटी साइट चालवतो. तिच्यातून थोडेफार पैसे येतात हे बिल्डिंगमध्ये, ऑफिसात आणि ८.१४ च्या लोकलच्या ग्रुपमध्ये कळल्यापासून प्रत्येकजण तेच तेच विचारतो आणि मी घाटकोपर येईपर्यंत तेच तेच सांगतो, म्हणून शेवटी सगळं एकदाच टाइप करून ठेवलंय. कुणी विचारलं की आता हेच पाठवणार.

प्रश्न: साइट काढायचं पक्कं ठरवलंय. आधी डोमेन (साइटचं नाव, पत्ता) घेऊ की होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा)?

दोन्ही नको. एक वही घ्या, त्यात एकच वाक्य लिहा: "ह्या साइटमुळे अमुक माणूस अमुक गोष्टीसाठी मला पैसे देणार." रिकाम्या जागी खरा माणूस आणि खरी गोष्ट बसली तर पुढे बघू, नाही बसली तर डोमेनचे पैसे वाचले. जोक नाही करत, दहातल्या नऊ जणांचं इथेच अडकतं कारण सगळे बोलतात "आधी ट्रॅफिक, म्हणजे वाचक, येऊदे मग पैशाचं बघू". मीपण हेच केलं होतं. पहिली साइट काढली ती "मुंबईची सगळी माहिती", म्हणजे वडापाव कुठे चांगला, राणीबागेचं तिकीट किती, पासपोर्टला काय काय कागद लागतात, सगळंच. दीड वर्ष रात्री जागून लिहिलं. कोण येणार आणि कशाचे पैसे देणार ह्याचं उत्तर माझ्याकडे पहिल्या दिवशी नव्हतं आणि शेवटच्या दिवशीही नव्हतं.

प्रश्न: पण साइटमधून पैसे येतात तरी कुठून? गूगल देतं ना?

गूगल देतं, पण त्याच्या खिशातून नाही. कुठली तरी कंपनी जाहिरातीसाठी पैसे मोजते, गूगल ती जाहिरात ॲडसेन्समधून तुमच्या पानावर लावतं आणि त्यातले साधारण ६८ टक्के तुम्हाला मिळतात. हा एक मार्ग झाला, सगळ्यात सोपा आणि सुरुवातीला सगळ्यात कमी पैशाचा.

दुसरा ॲफिलिएट. तुम्ही लिहिलं की पावसात कुठले बूट घसरत नाहीत, खाली ॲमेझॉनची लिंक दिली, कुणी त्यावरून जाऊन घेतले की तुम्हाला कमिशन. इथे लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास लागतो. जी वस्तू वापरली नाही ती भारी आहे म्हणून लिहाल तर वाचणाऱ्याला वास येतोच. आणि लिंकवर कमिशन मिळतं हे पानावर स्पष्ट लिहायचं. ॲमेझॉनच्या अटीत ते आहे, आणि जाहिरात असेल तर तसं लेबल लावा असं सोशल मीडियावाल्यांसाठी ॲस्कीने (जाहिरातवाल्यांनी स्वतःवर नजर ठेवायला काढलेली संस्था) २०२१ मध्ये नियमच काढलेत. अजून एक, अकाउंट उघडून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर ॲमेझॉन ते बंद करतं, त्यामुळे साइटवर चिटपाखरू नसताना अकाउंट उघडून बसायची घाई नको. आणि स्वतःच्याच लिंकवरून स्वतःच खरेदी करून तीनचा आकडा गाठायचा प्लॅन असेल तर सोडा, ते धरत नाहीत.

तिसरा म्हणजे स्वतःचं काहीतरी विकणं. फराळ, मसाले, पैठणीचे ब्लाउज, गणपतीच्या मखराचं सामान, नाहीतर पीडीएफ, कोर्स, काहीही. चौथा, सेवा. तुम्ही सीए आहात, हार्मोनियम शिकवता, मोडी वाचून देता, साइट फक्त माणसं आणून दाराशी उभी करते आणि पैसे तुमच्या कामाचे येतात. हा चौथा मार्ग लोकांना सुचतच नाही कारण त्यात "झोपेत पैसे" नाहीत. पण मी ज्यांचं चाललेलं पाहिलंय त्यातले बरेचसे ह्याच मार्गावर आहेत.

प्रश्न: जाहिरातींवर किती सुटतात? खरा आकडा सांग.

खरा आकडा विषयावर, भाषेवर आणि वाचणारा कुठल्या देशात बसलाय त्यावर ठरतो, म्हणून मी हिशोब कसा करायचा ते सांगतो, तुम्ही तुमचा आकडा टाका. ॲडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे सोडत नाही. समजा हजार पेजव्ह्यूजमागे, म्हणजे पान हजार वेळा उघडलं गेल्यावर, अर्धा डॉलर मिळाला, तर १०० डॉलरला दोन लाख पेजव्ह्यूज लागले. वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं बसतात, म्हणजे सहा भरलेली वानखेडे तुमच्या पानावरून जायला पाहिजेत तेव्हा कुठे आठ-नऊ हजार रुपये. आता ह्याच्याशेजारी आमच्या बिल्डिंगमधल्या वहिनींचा हिशोब लावून बघा. समजा फराळाच्या एका ऑर्डरमागे २०० रुपये उरतात, तर तेवढ्याच पैशांना ४५ ऑर्डरी. पंचेचाळीस माणसं! सहा वानखेडे की पंचेचाळीस माणसं, हे आधी ठरवा आणि मग साइटचा आकार ठरवा.

ह्याचा अर्थ जाहिराती लावू नयेत असा नाही, माझ्या साइटवरही आहेत. पण प्लॅन जाहिरातींवर उभा करू नका, त्या वरच्या चटणीसारख्या ठेवा.

प्रश्न: विषय कसा निवडायचा?

तीन गोष्टी एकत्र यायला लागतात. तुम्हाला त्यातलं इतरांपेक्षा जास्त माहिती पाहिजे, लोक ते शोधत पाहिजेत आणि त्याच्या आसपास कुठेतरी पाकीट उघडत पाहिजे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. माझंच उदाहरण देतो. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक असला की कर्जत-कसाऱ्याला गेलेल्या ट्रेकरची वाट लागते, म्हणून मी "मेगाब्लॉकच्या दिवशी कर्जतहून परत कसं यायचं" असं एक पान लिहिलं. ते माझं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पान आहे, लोक आशीर्वाद देतात, आणि त्याने आजपर्यंत काही म्हणजे काही कमवून दिलेलं नाही, कारण जो माणूस सहा वाजता चिखलाच्या बुटांनी प्लॅटफॉर्मवर उभाय त्याला गाडी पाहिजे, विकत काही नको. आणि नेरळहून पेब किल्ल्यावर पावसात जाताना कुठले बूट, कुठला पोंचो, असं एक कंटाळवाणं पान आहे, त्याला मेगाब्लॉकच्या पानाच्या पावपटही वाचक नाहीत पण पैसे तिथून येतात. कारण तो माणूस शुक्रवारी रात्री खरेदी करायलाच बसलाय.

म्हणून विषय निवडताना "किती लोक शोधतात" एवढंच बघू नका, "शोधताना तो माणूस काय करायच्या बेतात आहे" हे बघा. लोक कुठला शब्द किती शोधतात ते दाखवणारा गूगलचा कीवर्ड प्लॅनर फुकट आहे, गूगल ट्रेंड्स पण फुकट. ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडून कुठला शब्द कुठल्या महिन्यात चढतो ते दिसतं. आमचा सीझन जून ते सप्टेंबर, पण पान मे महिन्यात गूगलला सापडलेलं पाहिजे. फराळाचं पान दिवाळीच्या आठवड्यात टाकून उपयोग नाही, तोवर लोकांच्या ऑर्डरी कुठेतरी गेलेल्या असतात.

आणि विषय अरुंद ठेवा, जाम अरुंद. "ट्रेकिंग" नको, "मुंबईहून लोकलने एक दिवसाचे ट्रेक" पाहिजे. "पाककृती" नको, "सीकेपी मसाले आणि त्यांचं काय करायचं" पाहिजे. रुंद करायला नंतर आयुष्य पडलंय.

प्रश्न: मराठीत काढू की इंग्रजीत?

पैसे देणारा माणूस ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत. ॲडसेन्स मराठीला चालतं, त्यामुळे तो अडथळा नाही. पण मराठी पानावर जाहिरातीचा भाव इंग्रजीपेक्षा सहसा कमी असतो, हे धरून चाला. उलट बाजूला इंग्रजीत तुमच्यासमोर अख्खं जग स्पर्धेला उभं आहे आणि मराठीत कितीतरी विषयांवर एक धड पान नाही. वस्तू किंवा सेवा विकत असाल आणि गिऱ्हाईक दादर-ठाणे-डोंबिवलीचं असेल तर मराठीच, डोळे झाकून.

एक ध्यानात ठेवा, बोलणारे मराठीत बोलतात पण शोधताना बरेचजण रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. म्हणून पानाच्या पत्त्यात रोमन ठेवा, आत लेख देवनागरीत. फॉन्ट साधा घ्या, मुक्ता चांगला आहे, मुंबईच्याच एकटाइपवाल्यांनी केलाय आणि गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. तीन-तीन मराठी फॉन्ट लावून पान जड करू नका.

प्रश्न: इन्स्टा आणि व्हॉट्सॲप असताना साइट हवीच कशाला?

कधीकधी नकोच. महिन्याला वीस डबे द्यायचे असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग आणि गूगल मॅपवर दुकानाची नोंद, दोन्ही फुकट, पुरतं. हे मी साइटवाल्याच्या तोंडाने सांगतोय म्हणजे बघा.

साइट कधी पाहिजे, तर लोक तुम्हाला ओळखत नसताना प्रश्न घेऊन गूगलवर येतात तेव्हा. इन्स्टावरची रील दोन दिवसांत खाली जाते, चांगलं पान चार-चार वर्षं काम करतं. आणि अकाउंट हॅक झालं किंवा बंद पडलं की सगळे फॉलोअर गेले. आमच्या ओळखीतल्या एका ताईंचं झालंय, ऐन गौरीगणपतीत, तीन वर्षांची गिऱ्हाइकं हवेत.

प्रश्न: सुरुवातीला खर्च किती?

स्वतः केलं तर पहिल्या वर्षी चार-पाच हजारांत होतं. डॉट इन काही शेकड्यांत मिळतं, डॉट कॉम साधारण हजार-दीड हजार, साधं शेअर्ड होस्टिंग महिन्याला शंभर-दोनशेपासून, वर १८ टक्के जीएसटी. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट, एसएसएल सर्टिफिकेट (पत्त्यात https येतं ते) लेट्स एन्क्रिप्टचं फुकट, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत असेल तर सरळ विचारा कशाचे. खरी ग्यानबाची मेख रिन्यूअलमध्ये आहे. मोठ्या अक्षरात पहिल्या वर्षाचा भाव लिहिलेला असतो, दुसऱ्या वर्षाचा खाली बारीक, आणि तो दुप्पट-तिप्पट असू शकतो. वहीत दुसऱ्या वर्षाचाच भाव लिहा.

प्रश्न: एकजण सगळं मिळून ९,९९९ मध्ये करून देतो बोलतोय, डोमेनसकट. देऊ का?

काम द्या, पण डोमेन तुम्ही स्वतः घ्या. तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावावर, तुमच्या कार्डाने. हे मी फळ्यावर लिहून टांगावं अशी माझी इच्छा आहे. माझ्या त्या पहिल्या साइटचं डोमेन बनवून देणाऱ्याने स्वतःच्या अकाउंटमध्ये घेतलं होतं, मला वाटलं बरंय, कटकट नको. रिन्यूअलची वेळ आली आणि भाऊ फोन उचलेना. आधी "मीटिंगमध्ये आहे", मग "गावी आहे", मग नुसतीच रिंग. साइट बंद, ईमेल बंद, आणि कागदोपत्री ते नाव माझं नव्हतंच, त्यामुळे रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीला, फोन करून काय सांगणार? दोन महिने मागे लागून शेवटी त्याच्या मेव्हण्याला गाठलं तेव्हा पासवर्ड मिळाला. माणूस वाईट नव्हता, धंदा सोडून दुसरीकडे नोकरीला लागला होता एवढंच. पण माझी साइट त्याच्या आळसावर लटकलेली होती.

होस्टिंगचं, ॲडसेन्सचं, पेमेंट गेटवेचं (साइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा), सगळ्याचं हेच. मालक तुम्ही, त्याला फक्त काम करण्यापुरता ॲक्सेस. काम झालं की काढून घ्या. ऑटो-रिन्यू चालू ठेवा आणि त्यावरही विसंबू नका, कार्ड बदललं की ते गपचूप फेल होतं. कॅलेंडरमध्ये एक महिना आधीची आठवण लावा.

प्रश्न: नाव काय ठेवू? डॉट भारत घेऊ का?

फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे, बास. "ळ" आणि "श/ष" वाली नावं रोमनमध्ये लिहिताना प्रत्येकजण वेगळं स्पेलिंग करतो, टाळा. ठरवण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोधून बघा, तो शोध फुकट आहे. देवनागरीतलं डॉट भारत २०१४ पासून मिळतं, निक्सीच चालवतं, जे डॉट इन चालवतात तेच. मला ते मनापासून आवडतं, पण मुख्य नाव रोमनमधलं ठेवा आणि हे जोडीला घ्या, कारण अजून कितीतरी फॉर्ममध्ये देवनागरी पत्ता टाकला की एरर येतो.

प्रश्न: वर्डप्रेस, शॉपिफाय की ते ड्रॅग-ड्रॉपवालं?

लेख असतील तर वर्डप्रेस. पंचवीस-तीसच्या वर वस्तू, साइझ-रंग, स्टॉक असला तर शॉपिफायसारखं तयार दुकान, महिन्याचं भाडं पडतं पण डोकं शांत राहतं. ह्या प्रश्नावर लोक आठवडे घालवतात आणि खरं सांगायचं तर ह्याने काहीच ठरत नाही.

प्रश्न: पहिल्या दिवशी साइटवर काय काय असायला पाहिजे?

पानांची यादी कागदावर करा, साइट बनवण्याआधी. प्रत्येक पानासमोर दोन गोष्टी लिहा: हे कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि वाचून झाल्यावर माणसाने पुढे कुठे जायचं. दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर ते पान मेगाब्लॉकवालं पान आहे. अशी पानंही ठेवायची, नाही असं नाही, त्यांनी नाव होतं, पण मग तिथून खरेदीच्या पानाला एक रस्ता तरी काढून द्यायचा. मी आता मेगाब्लॉकच्या पानाखाली "पुढच्या वेळी रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल असे ट्रेक" अशी एक ओळ टाकलीय, त्यातून माणसं पुढे सरकतात.

पंधरा-वीस चांगली पानं झाली की उघडा. आमच्याविषयी, संपर्क, प्रायव्हसी पॉलिसी ही पानं लागतातच, ॲडसेन्सला प्रायव्हसी पॉलिसी हवीच असते, आणि लोकांचे नाव-नंबर गोळा करणार असाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आलाय, तेव्हा उगाच जन्मतारीख वगैरे मागू नका. दुसऱ्याच्या साइटची पॉलिसी कॉपी करून त्यात त्याचंच नाव राहिलेलं मी तीनदा पाहिलंय.

उघडण्याआधी एक टेस्ट करा: फोनवर, वायफाय बंद करून, गर्दीच्या लोकलमध्ये एका हाताने साइट उघडा. पान यायच्या आत पुढचं स्टेशन आलं तर फोटो बारीक करा.

प्रश्न: एआयकडून दोनशे लेख लिहून घेतले आणि टाकले तर?

टाका आणि बघा. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पष्ट नियम काढला की शोधात वर यायचं म्हणून ढिगाने पानं पाडणं हा स्पॅम, मग ती माणसाने पाडलेली असोत की मशीनने. पण नियम बाजूला ठेवा, साधा विचार करा, जे उत्तर एआय देऊ शकतो ते गूगल ऑगस्ट २०२४ पासून भारतातही शोधाच्या वरतीच लिहून देतंय, मग तुमच्या पानावर कोण कशाला येईल? येईल ते जे तुम्ही जाऊन पाहिलंय त्यासाठी. कर्जतकडच्या आंबिवलीहून कोथळीगडाकडे जाताना पावसात कुठला दगड घसरतो, पायथ्याला जेवण सांगून ठेवायचं तर किती वाजता फोन करायचा. मी एआय वापरतो, शुद्धलेखन बघायला आणि हेडिंग सुचवायला. दगडावरून मीच घसरलेलो पाहिजे.

प्रश्न: गूगलवरचे फोटो उचलले तर चालतात?

नाही. फोटो ज्याने काढला त्याचा असतो. स्वतः काढा, नाहीतर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि तिथल्या लायसन्सप्रमाणे नाव द्या.

प्रश्न: पैसे घ्यायचे कसे? नुसता क्यूआर लावला तर?

सुरुवातीला क्यूआर मस्त, यूपीआयवर कमिशन कापलं जात नाही. पण ऑर्डर वाढल्या की कुणी पैसे दिले आणि कुणी नुसता स्क्रीनशॉट पाठवला हे जुळवत रात्र जाते, आणि स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात हे विसरू नका, बँकेचा मेसेज किंवा ॲपमधली एन्ट्री बघितल्याशिवाय माल पाठवायचा नाही. दिवसाला पाच-सहाच्या वर ऑर्डर गेल्या की पेमेंट गेटवे घ्या, रेझरपे, कॅशफ्री असे बरेच आहेत. साधारण दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजाराच्या ऑर्डरवर २३ रुपये ६० पैसे गेले. हे किमतीत धरा, नंतर रडू नका. गेटवेवाले अकाउंट देताना पॅन आणि बँक खातं तर मागतातच, शिवाय साइटवर रिफंड, शिपिंग आणि अटींचं पान आहे का तेही तपासतात. तेव्हा ती पानं आधीच लिहून ठेवा.

प्रश्न: जीएसटी, गुमास्ता, हे सगळं लागतं का?

थोडक्यात सांगतो, पुढचं तुमच्या सीएला विचारा. सेवा देत असाल तर वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, महाराष्ट्रात माल विकत असाल तर ४० लाखांपर्यंत. पण मालात एक खोच आहे: राज्याबाहेर माल पाठवला की सहसा पहिल्या ऑर्डरपासूनच नोंदणी लागते. त्यामुळे "ऑल इंडिया डिलिव्हरी" असं हौसेने लिहिण्याआधी दहा मिनिटं थांबा. सुरुवातीला "फक्त महाराष्ट्रात" लिहिलं तर काही बिघडत नाही.

गुमास्ता, म्हणजे शॉप ॲक्ट: २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामाला माणसं कमी असतील (आधी दहापेक्षा कमी, २०२५ च्या दुरुस्तीपासून वीसपेक्षा कमी) तर फक्त ऑनलाइन माहिती द्यायची असते. उद्यम नोंदणी पूर्ण फुकट आहे, सरकारी साइटवर आधारने होते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एजंटांच्या साइट्स आहेत ज्या फुकटच्या कामाचे हजार-दोन हजार घेतात, शोधताना वर त्याच येतात. (त्यांचा "कोण पैसे देणार" हा कागद मात्र एकदम पक्का आहे.)

आणि ॲडसेन्सचे पैसे असोत की फराळाचे, ते उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं.

प्रश्न: आई घरी लाडू-चिवडा करते, तो विकायचा असेल तर?

घरगुती असलं तरी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि नंबर पाकिटावर छापायचा असतो. पाकिटावर वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवस टिकेल, काय काय घातलंय आणि बनवणाऱ्याचा पत्ता हे पण पाहिजे. पण वहिनींचा अडथळा कायद्याचा नव्हता, करंजीचा होता. चकली, शंकरपाळे कुरिअरने नीट जातात, ओल्या नारळाची करंजी जात नाही, आणि अनारसे चुरा होऊन पोचतात. पहिल्या वर्षी सगळं विकायला ठेवलं आणि चुऱ्याचे पैसे परत केले. दुसऱ्या वर्षी साइटवर चारच वस्तू, आणि आठवड्याला ३० डबे झाले की ऑर्डरचं बटण बंद. कारण तळणारे हात दोनच आहेत. साइटचा प्लॅन करताना घरातल्या माणसाची ताकद हा पण एक आकडा आहे, तो वहीत लिहा, आणि आईला विचारून लिहा.

प्रश्न: नोकरीत असताना चालतं का?

अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, खाजगी कंपन्यांत बाहेरच्या कामावर बंधन असू शकतं. राज्य सरकारी नोकरी असेल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ आहेत, परवानगीशिवाय व्यापार-धंदा चालत नाही. बायकोच्या नावावर काढू का, हा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. काढा, पण मग पैसेही तिचेच, आणि कामही तीच करणार असेल तर.

प्रश्न: ॲडसेन्स मिळालं. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना रोज एकेक क्लिक करायला सांगू?

अजिबात नको. पाटील काकांनी प्रेमाने बसल्या बसल्या चाळीस क्लिक केले की गूगलला ते दिसतं आणि अकाउंट बंद होतं, परत मिळणं महाकठीण. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतःही क्लिक करायचं नाही. आणि पत्ता नीट भरा. १० डॉलर झाले की गूगल पोस्टाने घरी पिन पाठवतं, तो चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. चाळीत किंवा जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर खोली नंबर, मजला, "अमुक मंदिरासमोर" सगळं लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. माझा पहिला पिन बी विंगमधल्या कुणाच्या तरी लाइट बिलांच्या गठ्ठ्यात महिनाभर पडून होता.

प्रश्न: "गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी" असा फोन आला होता.

ठेवून द्या. पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतः लिहून सांगतं. त्या पैशात दोन वर्षांचं होस्टिंग येतं. गूगलचं सर्च कन्सोल साइटला जोडा, फुकट आहे, लोक कुठला शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं, दर रविवारी अर्धा तास तेवढं बघितलं तरी पुष्कळ.

प्रश्न: पैसे यायला किती दिवस?

सेवा किंवा वस्तू असेल आणि पहिले वीस गिऱ्हाईक ओळखीतले असतील तर पहिल्या महिन्यात. लेख-जाहिरात-ॲफिलिएट असेल तर सहा महिने काहीच नाही असं धरा, एक वर्ष झाल्यावर अंदाज येतो. माझ्या दुसऱ्या साइटला पहिलं कमिशन पाचव्या महिन्यात आलं, एका पोंचोचं, वडापावपण आला नसता त्यात, पण मी तो मेसेज ऑफिसात चार जणांना दाखवला.

प्रश्न: आणि नाहीच चाललं तर? कधी थांबायचं?

हे पण सुरू करतानाच लिहायचं, नंतर मन होत नाही. मी वहीच्या त्याच पानावर तारीख टाकतो: अमुक तारखेपर्यंत अमुक इतके ओळख नसलेले लोक पैसे देऊन गेले नाहीत तर बंद. ओळख नसलेले हे महत्त्वाचं, मावशी आणि कॉलेजचे मित्र पकडायचे नाहीत. तारीख आली की आधी बघायचं पानं वाचली जातायत का. वाचली जात असतील आणि पैसे नसतील तर विकण्याची गोष्ट बदला, साइट ठेवा. वाचलीच जात नसतील तर लेखांची कॉपी काढून घ्या, ऑटो-रिन्यू बंद करा, ॲडसेन्समध्ये १० डॉलरच्या वर काही शिल्लक असेल तर अकाउंट बंद करताना ते पैसे मिळतात, १०० व्हायची वाट बघत बसायची गरज नाही. डोमेनचं नाव चांगलं असेल तर मात्र आणखी एक वर्ष धरून ठेवा, डॉट इनचे काही शेकडेच तर आहेत. माझं ते "मुंबईची सगळी माहिती"वालं नाव मी सोडलं, आणि आता तिथे कुणीतरी रमी खेळवतो.